शाळेच्या वर्कशॉपमध्ये दागिने घडवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांतल्या व्यवसाय शिक्षणाची चर्चा निघाली की गाडी कोडिंग आणि रोबोटिक्सपाशी जाऊन थांबते. वास्तविक २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सुतारकाम, कुंभारकाम यांच्या जोडीला धातुकाम नावानिशी लिहिलेलं आहे. दहा दिवस दप्तर घरी ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकायचं, असंही त्यात आहे.

टेक्निकल हायस्कूलमध्ये मी फिटिंग शिकवत असे. लोखंडी तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, कानशीने घासायचा, गुण्या लावून काटकोन तपासायचा. हाताला वळण लागायचं, नाही असं नाही. पण गुण मिळाले की तुकडा भंगारात. त्याच वर्गाला तांब्याच्या तारेची अंगठी करायला द्या. सतरा मिलिमीटर व्यासाची अंगठी हवी म्हणून मुलं सतराला ३.१४ ने गुणतात, तार कापतात आणि अंगठी बोटात जात नाही. दोन मिलिमीटरच्या तारेची जाडी धरून एकोणीसला गुणायचं असतं, म्हणजे जवळपास साठ मिलिमीटर तार लागते. फळ्यावर न कळलेला परीघ असा बोटाला कळतो. ठोकून ठोकून कडक झालेलं तांबं मंद लाल होईपर्यंत तापवलं की परत मऊ पडतं, हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचून कुणाच्या लक्षात राहिलंय? डाग देताना, म्हणजे वितळलेल्या मिश्रधातूने सांधा जोडताना, तर सगळी लबाडी उघडी पडते. दोन टोकं घट्ट भिडली नसतील तर टाकणखार (बोरॅक्स) लावा नाहीतर आणखी काही करा, डाग फट भरून काढत नाही.

खर्चाचं कारण पुढे करू नये. शिकायला चांदी लागत नाही, तांबं-पितळ पुरतं. डाग बिनकॅडमियमचा घ्यावा, काळवंडलेला तुकडा साफ करायला तेजाबाऐवजी गरम पाण्यात लिंबूसत्त्व चालतं. चष्मा आणि हवेशीर खोली मात्र हवीच. तिथे काटकसर नको.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात हुपरीला चांदीचे पैंजण घराघरांत घडतात आणि त्यात बायकांचा हात मोठा आहे. तरी शाळेत वर्कशॉप मुलांचं आणि शिवण मुलींचं, ही वाटणी वर्षानुवर्षं कुणाला खटकली नाही! मुंबईच्या झवेरी बाजारात पाटावर बसलेले कारागीर बरेचसे बंगाली. त्यांच्या कसबाबद्दल आदरच आहे, पण सोनाराच्या घरात न जन्मलेल्या मराठी मुलामुलीने हे काम शिकायला जायचं कुठे?

शिक्षण विभागाला एवढंच सुचवतो, की या तासांसाठी जुन्या कारागिरांना बोलवा, तासावर मानधन द्या आणि पदविकेची अट घालू नका. ऐरणीवर आयुष्य काढलेल्या माणसाकडे प्रमाणपत्र मागितलं, तर तो शाळेची पायरी चढणार नाही.

आपला,
एक निवृत्त निदेशक, जि. कोल्हापूर