पैसा सुटला तो पासामुळे

मा. संपादक,

‘लस आली आणि लोक खर्चाला मोकळे झाले’ असं करोनाकाळाबद्दल सरसकट लिहिलं जातं. मुंबईच्या उपनगरांत तरी घरखर्च दंडात सुई टोचल्यावर नव्हे, लोकलचा पास हातात पडल्यावर हलला.

दुसऱ्या लाटेत सर्वसामान्यांना बंद झालेल्या लोकलचा मासिक पास १५ ऑगस्ट २०२१ पासून खुला झाला, पण दोन डोस आणि त्यावर १४ दिवस झालेल्यांनाच. कोव्हिशिल्ड लसीच्या डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर; म्हणजे पहिल्या डोसपासून ९८ दिवस. त्यात पंचेचाळिशीच्या आतल्यांचं लसीकरण राज्याने मे महिन्यात तुटवड्यामुळे थांबवलेलं. ते पुन्हा सुरू झाल्यावर २२ जूनला पहिला डोस मिळालेल्याला पास थेट २८ सप्टेंबरला! निवृत्त वडील लोकलने हिंडायला मोकळे आणि कमावता मुलगा दुचाकीवर, असा उफराटा कारभार.

दुचाकीचा हिशेब पाहा. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन सुमारे १०० किलोमीटर. लिटरला ५० धरले तरी रोज २ लिटर, आणि पेट्रोल शंभरीपार. २५ दिवसांचे ५ हजारांवर गेले. दुसऱ्या वर्गाचा पास काही शेकड्यांत. त्यामुळे खासगी रुग्णालयात कोव्हॅक्सिनसाठी डोसमागे १,४१० रुपये मोजणं अशा माणसाला परवडणारंच होतं. या लसीच्या डोसांतलं अंतर २८ दिवसांचं, म्हणून जूनमध्ये सुरुवात केली तरी १५ ऑगस्टला पास. दोन डोसांचे २,८२० गेले, सहा आठवड्यांचं पेट्रोल वाचलं. घरून काम करणाऱ्याला मात्र सरकारी केंद्रावरची फुकटचीच बरी.

घोळ व्हायचा तो मोबाइल नंबरचा. दुसऱ्या डोसला वेगळा नंबर दिला, की कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर तोही ‘पहिला डोस’ म्हणूनच चढायचा. मग स्टेशनवरच्या पालिकेच्या मदतकक्षात प्रमाणपत्रावर शिक्का बसायचा नाही. दोन्ही प्रमाणपत्रं कोविनवर तक्रार नोंदवून एकत्र करून घ्यावी लागत, आणि तोवर पुन्हा पेट्रोल.

खर्चाचे आकडे नुसत्या डोसच्या तारखांशी जुळवणाऱ्यांनी हे ९८ दिवस आधी वजा करावेत. घरातल्या कोणाला लस मिळाली, तेही विचारावं. वाचलेला पैसा लगेच कपडेलत्ते किंवा हॉटेलात गेला, असंही धरू नये. दुसऱ्या लाटेत दवाखान्यासाठी ज्यांचं सोनं गहाण पडलं, त्यांनी आधी ते सोडवलं. दिवाळीची खरेदी त्यानंतर.

– एक वाचक, डोंबिवली