आधी पिन बदल

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू रेकॉर्ड ऐकवलीस, तेव्हापासून मला चैन नाही. पहिली गाणी स्वच्छ वाजली, आणि शेवटच्या गाण्यात प्रत्येक 'स' अन् 'श' फसफसत होता. 'रेकॉर्ड जुनी झाली,' म्हणालास. मला नाही पटलं. पिन झिजली आहे रे! कळकळीने सांगतो, नवी मिळेपर्यंत प्लेअर बंद ठेव.

आवाज शेवटीच का फाटतो ते सांगतो. एलपी, म्हणजे तुझी ती मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरे याच गतीने फिरते, पण चराचा, म्हणजे आवाज कोरलेल्या खाचेचा, घेर आत आत लहान होत जातो. कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर चर सरकतो, लेबलाजवळ जेमतेम २०. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला. धड टोकाची पिन ती बारीक वळणं घेते. घासून कडा आलेली पिन वळणं घेत नाही, चराच्या भिंती तासत जाते.

माझ्या हातून हेच झालं. पिनेचं टोक हिऱ्याचं, हिरा कसला झिजतोय, म्हणत वर्षानुवर्षं तीच पिन वापरली. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर टोकाच्या दोन्ही अंगांना पैलू पाडल्यासारखे दोन चकचकीत सपाट डाग. नवी पिन बसवली, पण माझ्या सगळ्यात लाडक्या रेकॉर्डवरची फसफस तशीच राहिली. तासलेली भिंत भरून येत नाही. अजून हळहळ वाटते.

२० मिनिटांच्या एका बाजूचा चर उलगडला तर ४०० मीटरहून लांब भरेल. एवढी वाट पिन दर वेळी घासत जाते. हिऱ्याची पिन साधारण ५०० ते १००० तास टिकते, धुळीत त्याहून कमी. म्हणून मी वहीत प्रत्येक बाजूची एक रेघ ओढतो. तूही ओढ.

आणि रेकॉर्डवर पडणारं पिनेचं वजन कमी केलं की रेकॉर्ड वाचते, हा समज सोड. फार हलकी पिन चरात थडथडते, त्यानेही भिंती खरवडतात. कार्ट्रिजसाठी, म्हणजे पिन बसते त्या भागासाठी, सांगितलेलं वजन, बहुधा दीड-दोन ग्रॅम, तेवढंच काट्यावर मोजून ठेव.

रेकॉर्ड लावण्याआधी तिच्यावर कार्बन ब्रश फिरव. पिन मागून पुढे झाड, बोट लावू नकोस. रेकॉर्डी उभ्याच ठेव. तुझ्याकडच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, तबकड्यांना मात्र स्पिरिट मुळीच लावू नकोस, त्यातली लाख विरघळते. त्यांचा चर रुंद, त्यामुळे पिनही वेगळी लागते.

नवी पिन बसली की तेच शेवटचं गाणं लाव आणि लगेच फोन कर.

तुझाच,
मित्र