विषय: नाट्यहंगामाचे सभासदत्व रद्द करून उरलेल्या प्रयोगांचे पैसे परत मिळण्याबाबत

व्यवस्थापकीय संचालक यांस,

तुमच्या ग्राहक सेवेत तक्रार "नोंदवून घेतली" असं सांगतात, पण क्रमांक देत नाहीत. म्हणून हे लेखी.

माहितीपत्रक तुम्हीच छापलंय, तेव्हा आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत "तिच्या लेखणीचा, तिच्या मनाचा हंगाम". आत आठ नाटकं, आणि आठही पुरुषांनी लिहिलेली. वेशभूषा मात्र सात नाटकांत बायकांकडे. साड्यांच्या बाबतीत तुमचा स्त्रियांवर पूर्ण विश्वास दिसतो.

हेच फोनवर विचारलं. पहिल्या मुलाने आसन क्रमांक मागितला. त्याचा दोष नाही, त्याच्यासमोर तक्रारीचे प्रकार आसन, एसी आणि पार्किंग एवढेच असणार. त्याने वरच्या साहेबांना जोडून दिलं. साहेब म्हणाले, "मॅडम, आठपैकी पाच नाटकांत मेन रोल लेडीजचाच आहे." म्हटलं, मी नाटक लिहिणारीबद्दल विचारतेय. "हो हो, एका नाटकात हिरॉईन लेखिकाच दाखवलीय." यावर मला बोलता येईना. त्यांना येत होतं. "लेडीज रायटर आता सगळ्या सिरियलला गेल्या हो, आमच्याकडे येतच नाहीत. आणि आल्या तरी विषय जरा जड. फॅमिली पब्लिकला रडारड नको असते." (तुमच्या हंगामातलं तिसरं नाटक दोन अंक आईच्या मरणशय्येभोवती फिरतं. ते जड नाही, कारण लेखक पुरुष आहे.) शेवटी तोडगा निघाला: महिला दिनाच्या प्रयोगाचे दोन पास, मध्यंतरात हळदीकुंकू, वाण म्हणून स्टीलचा डबा. डब्याला झाकण आहे, हेही आवर्जून सांगितलं. मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग मिस्टरांना विचारून कळवा."

सभासदत्व माझ्या नावावर आहे.

आता "येतच नाहीत" याबद्दल. येणार कुठून? संहिता कुठे पाठवायची हे तुमच्या पत्रकावर नाही, संकेतस्थळावरही नाही. नाटक कसं ठरतं ते तुम्हीही जाणता. ज्या नटाच्या तारखा हातात आहेत तो आपल्या ओळखीच्या लेखकाला घेऊन येतो, निर्मात्याच्या ऑफिसात वाचन होतं, तिथल्या तिथे दिग्दर्शक ठरतो आणि नाट्यगृहाच्या तारखांचे अर्ज जातात. त्या वाचनाचं बोलावणं जिला कधीच येत नाही, ती "आली नाही" ही तुमची नोंद. पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांतून मुली लिहितात, बसवतात. पण पाऊण-एक तासाच्या एकांकिकेवरून दोन अंकी नाटकावर यायचं तर दोन-तीन खर्डे लागतात, नटांना बसवून वाचनं लागतात आणि तेवढा काळ तगून राहण्यापुरतं आगाऊ मानधन लागतं. ते कोणी देत नाही. मालिकेत एपिसोडमागे पैसे मिळतात. मग साहेब म्हणतात, सिरियलला गेल्या.

चुकून एखादीचं नाटक घेतलंच, तर तारीख मंगळवार दुपारची. शनिवार-रविवारची रात्र नाही, पेपरात एका कॉलमची जाहिरात, त्यात लेखिकेचं नाव प्रकाशयोजनेच्याही खाली. नाटक तोंडोतोंडी पसरायला दहा-बारा प्रयोग लागतात, तुम्ही पाचव्याला पडदा पाडता. मग वहीत लिहिलं जातं, "लेखिकेचं नाटक, गल्ला नाही", आणि ते पान पुढची दहा वर्षं पुढच्या प्रत्येक लेखिकेला दाखवतात. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गावोगाव झालं, तेही प्रस्थापित निर्मात्याविना. सई परांजपे यांचं 'सख्खे शेजारी' लोकांनी तिकीट काढून पाहिलं. २०१६ चं 'अमर फोटो स्टुडिओ' मनस्विनी लता रवींद्र यांचं, तेही व्यावसायिक रंगभूमीवर. यांत रडारड किती, ते साहेबांनी मोजून सांगावं.

पुनरुज्जीवनाने तर कहर केला. तुम्ही निवडलंत खाडिलकरांचं १९०७ चं 'बायकांचे बंड'. त्याला गिरिजाबाई केळकरांनी १९१३ मध्ये 'पुरुषांचे बंड' लिहून उत्तर दिलं आणि पुढे १९२८ च्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. दोन्ही नाटकं लागोपाठच्या रविवारी लावली असती तर मी शेजारणींनाही तिकिटं काढायला लावली असती. तुम्ही वाद उकरलात आणि उत्तर गाळलंत, तेही "तिच्या लेखणीच्या" हंगामात! दुसरं पुनरुज्जीवन कानेटकरांच्या 'कस्तुरीमृग'चं. ते ज्या हिराबाई पेडणेकरांच्या आयुष्यावर आहे त्या स्वतः नाटककार होत्या. त्यांचं 'संगीत दामिनी' ललितकलादर्श या नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं होतं. बाईचं आयुष्य चालतं, बाईची संहिता चालत नाही.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. एक, उरलेल्या पाच प्रयोगांचे पैसे, "प्रक्रिया शुल्क" न कापता. दोन, मुखपृष्ठावरची ती ओळ आजच्या आज काढा, संकेतस्थळावरूनही. पुढचा हंगाम ठरवण्याआधी संहिता जाहीरपणे मागवा, नावाचं पान काढून क्रमांक टाका आणि तीन जणांना वाचायला द्या. त्यातला एक तरी तुमच्या पगारावर नसावा. एवढ्याने भागणार नाही, कारण वाचणारा पात्रांच्या यादीवरूनच लिहिणारी बाई असल्याचा अंदाज बांधतो. म्हणून आठपैकी तीन जागा आधीच लेखिकांसाठी ठेवा, त्यांना शनिवार-रविवारच्या तारखा द्या आणि किमान पंधरा प्रयोगांचा करार करा. लेखिकेचं नाव जाहिरातीत दिग्दर्शकाइतक्याच अक्षरांत. यात अवघड काही नाही. नटाच्या नावाचा टाइप किती मोठा असावा यावर तुम्ही तासन्‌तास बोलता.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. माहितीपत्रक, पावती आणि आठ लेखकांची नावं असलेलं पान जोडून तयार आहे. "तिच्या लेखणीचा" म्हणजे नेमका कोणाच्या लेखणीचा, हे आयोगासमोर तुम्हीच समजावून सांगा.

साहेबांनी पुन्हा फोन करू नये. केलाच तर माझ्या मिस्टरांना काही विचारू नये, ते नाटक बघत नाहीत.

— एक हंगामी सभासद
(सभासद क्रमांक आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे)