मस्टर कुठं गेलं, साहेब? कामगार मंत्र्यांना सांगलीहून खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : अपघात आणि कामावरून काढल्याच्या प्रकरणांत कामगाराला कागदपत्रं वेळेत मिळण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या कामगारांचे अर्ज लिहून द्यायचे, कागद जुळवायचे आणि फाईल वकिलाकडं पोचवायची, एवढं माझं काम. मी वकील नाही, पण कामगार न्यायालयातली बाकडी चांगली ओळखीची झाली आहेत. कायदे कमी आहेत अशी माझी तक्रार नाही. कामगाराचा दावा पुराव्याअभावी पडतो आणि तो पुरावा म्हणजे बहुतेक वेळा सरकारनंच मालकाला ठेवायला सांगितलेला कागद असतो, ही तक्रार आहे.

एक प्रकरण सांगतो. ते अजून चालू आहे, म्हणून नावं घेत नाही. तीस वर्षांचा मुलगा, पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर कामाला. हात आत जाऊ नये म्हणून असतो तो गार्ड काढून ठेवलेला, कारण गार्ड असला की तासाला नग कमी निघतात. डबल स्ट्रोक पडला, म्हणजे प्रेस एकाऐवजी दोनदा खाली आली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. सुपरवायझरनं हात फडक्यात गुंडाळला, मोटारसायकलवर मागं बसवून खासगी दवाखान्यात नेलं आणि वाटेत बजावलं, ‘पोलिसांची भानगड नको. घरी लागलं म्हण, खर्च मालक बघतील.’ केस पेपरवर डॉक्टरांनी लिहिलं : घरी कडबाकुट्टीत हात सापडून दुखापत. हा मुलगा भाड्याच्या एका खोलीत राहतो. त्याच्याकडं ना जनावर, ना कडबा.

तीन आठवडे मालकांनी खर्च केला. पुढं फोन उचलायचे बंद झाले. टाके निघाल्यावर तो गेटवर गेला तर वॉचमन म्हणाला, तुझं नाव यादीत नाही. लेखी काही नाही, तोंडी काढलेलं. म्हणजे एकाच माणसाच्या दोन केसेस झाल्या, एक भरपाईची आणि एक बेकायदा काढून टाकल्याची. दोन्हीकडं समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न एकच : तू आमच्या कंपनीत होतास, हे कशावरून?

त्याच्याजवळ काय होतं? बँकेचं पासबुक, त्यात पगार ठेकेदाराच्या नावानं जमा. पीएफच्या पासबुकातही ठेकेदारच. ओळखपत्र गेटवर जमा करून घेतलेलं. मोबाईलमध्ये सुपरवायझरचा एक मेसेज, ‘उद्या सेकंड शिफ्टला ये’. नियुक्तीपत्र कधी मिळालंच नव्हतं. हजेरीचं मस्टर, पगारपत्रक, ठेकेदाराशी झालेला करार आणि शॉपमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण, सगळं कंपनीच्या कपाटात. त्यातलं चित्रण तर काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं.

यातल्या एकेका कागदाची किंमत किती, ते आपल्यासमोर मांडतो. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली) परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता २० टक्के घटली असं धरत. तीस वर्षांच्या माणसाला वयानुसारचा गुणक २०७.९८. पगार १५,००० धरला, आणि २०२० पासून त्या कायद्यात हिशेबाला कमाल तेवढाच धरत, तर त्याच्या ६० टक्क्यांना गुणकानं गुणून त्याचे २० टक्के, अशी भरपाई येते ३,७४,३६४ रुपये. मालक म्हणाला पगार ८,००० होता आणि कामगाराकडं पगाराची चिठ्ठी नसली, तर हीच रक्कम होते १,९९,६६१. बोटं तीच, मशीन तेच. एका चिठ्ठीपायी पावणेदोन लाखांचा फरक.

नोकरीच्या केसमध्ये घोडं अडतं २४० दिवसांवर. वर्षात २४० दिवस भरल्याशिवाय जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-एफ कलमाचं, म्हणजे नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय काढता येणार नाही हे, संरक्षण नव्हतं आणि ते दिवस भरले हे दाखवायची पहिली जबाबदारी कामगाराची. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये आर. एम. येल्लट्टी प्रकरणात हा पेच ओळखला होता. रोजंदारीच्या माणसाकडं नियुक्तीपत्र किंवा पावती नसणारच, तो फार तर मस्टर, पगारपत्रक, हजेरीपत्रक कोर्टात आणा अशी मागणी करू शकतो, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. पण मालकानं मस्टर आणलं नाही म्हणून निकाल आपोआप कामगाराच्या बाजूनं लागत नाही, हेही त्याच निकालात आहे. मग आमचे वकील कागद हजर करण्याचा अर्ज देतात. त्यावर म्हणणं द्यायला तारीख पडते, युक्तिवादाला तारीख, आदेशाला तारीख, आणि शेवटी उत्तर येतं, ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही.’

का उपलब्ध नाही, याची कारणं आमच्या भागात ठरलेली आहेत. दुसऱ्या एका कंपनीनं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं की रेकॉर्ड महापुरात खराब झालं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, अर्धी सांगली पाण्यात होती, सगळं खरं. पण कारखाना कुपवाडला. कुपवाडला कृष्णेचं पाणी येत नाही, हे सांगलीतलं शेंबडं पोरगंही सांगेल. आणि आम्ही मागितलेलं मस्टर होतं २०२३ चं! जुन्या कुठल्यातरी प्रकरणातला मजकूर तसाच उचलला असावा. तरी त्यावर आमच्याकडून उत्तर घेण्यात आणखी एक तारीख गेलीच.

महोदय, यातला बराच गुंता कोर्टाच्या पायरीच्या आधीच, आपल्या खात्यात सुटू शकतो. कामावरून काढलेला माणूस पहिल्यांदा समेट अधिकाऱ्याकडं, म्हणजे मालक आणि कामगारात तडजोड घडवणाऱ्या आपल्या अधिकाऱ्याकडं येतो. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ११(४) कलमानं त्या अधिकाऱ्याला हवी ती माणसं बोलवायचे आणि कागद मागवून तपासायचे अधिकार दिलेले होते, दिवाणी न्यायालयाला असतात तसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहेत. मी पाहिलेल्या प्रकरणांत ते वापरले गेलेले नाहीत. कंपनीचा एचआरवाला येतो, ‘हा आमचा कामगारच नाही’ एवढं लिहून देतो, दोन-तीन तारखा होतात आणि समेट फसल्याचा अहवाल निघतो. त्या अहवालात मस्टर मागितलं होतं का आणि मालकानं दिलं का, याची ओळसुद्धा नसते. असती, तर कोर्टात तिचं वजन पडलं असतं. हातातला कागद मुद्दाम पुढं केला नाही तर तो दडवणाऱ्याच्या विरोधातच गेला असता, असं न्यायालय धरू शकतं. पुराव्याच्या जुन्या कायद्यातल्या ११४ कलमात ते होतं, नव्या साक्ष्य अधिनियमात ११९ मध्ये आहे.

अपघाताचं तर याहून सोपं आहे. ४८ तास किंवा जास्त वेळ कामावर येता येणार नाही अशी इजा झाली, तर कारखान्यानं निरीक्षकाला सूचना द्यायची, हे कारखाने अधिनियमाच्या ८८ व्या कलमात १९४८ पासून होतं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. ती सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात, म्हणजे आपल्याच खात्यात जाते. दिली नसेल तर तो मालकाचा गुन्हा, आणि दिली असेल तर अपघात कारखान्यात झाला याचा त्याहून मोठा पुरावा कुठला? पण जखमी कामगाराला तिची प्रत कुणी देत नाही. माहिती अधिकारात मागितली तर कंपनीला ‘त्रयस्थ पक्ष’ म्हणून विचारलं जातं, कंपनी हरकत घेते, अर्ज फेटाळला जातो आणि कामगार अपील करत बसतो. बोटं याची, मशीन त्यांचं, यात त्रयस्थ कोण? माहिती अधिकार कायद्याच्या २(च) कलमात खासगी संस्थेची जी माहिती सरकार दुसऱ्या कायद्यानं मिळवू शकतं तीही ‘माहिती’च धरली आहे. फेटाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते कलम वाचलेलं नसेल असं वाटत नाही.

छोटे कारखानदार म्हणतात, एवढी कागदं कुणी सांभाळायची? त्यांच्यातल्या काहींची अडचण खरी आहे, वर्कशॉपमध्ये क्लार्क एकच असतो. पण तोच क्लार्क दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरतो, बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो आणि त्यात पैशाची चूक होत नाही. हजेरीचीच वही तेवढी कशी हरवते?

म्हणून मागणी एवढीच आहे की आपण एक परिपत्रक काढावं. समेट अधिकाऱ्याच्या पहिल्या नोटिशीतच मस्टर, पगारपत्रक, नियुक्तीपत्र, ठेकेदाराचा करार, पीएफ आणि ईएसआयची (कामगार विम्याची) चलनं आणि चौकशी झाली असेल तर तिची कागदपत्रं घेऊन या, असं लिहिलेलं असावं. आणलेल्या कागदांची साक्षांकित प्रत कामगाराला तिथंच मिळावी आणि जे आणलं नाही त्याची नोंद अहवालात व्हावी. अपघाताची सूचना संचालनालयात आली की तिची प्रत जखमीच्या किंवा वारसाच्या पत्त्यावर जावी, त्यानं मागायची वाट बघू नये. अपघाताच्या वेळचं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याची ताकीद निरीक्षकानं त्याच आठवड्यात द्यावी. व्यावसायिक सुरक्षा संहितेनं प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र सक्तीचं केलं आहे आणि ज्यांना आधी दिलं नव्हतं त्यांच्यासाठी ३ महिन्यांची मुदत घातली होती. ते खरोखर किती जणांच्या हातात पडलं, हे गेटवर उभं राहून तपासायला माणसं पाठवावीत. ऑफिसात बसून मालकानं दिलेली यादी तपासायला नकोत.

घाई एवढ्यासाठी की वाद सुरू झाल्यापासून २ वर्षं उलटली तर औद्योगिक संबंध संहितेनुसार समेट अधिकारी प्रकरण हातातच घेऊ शकत नाही. पूर्वी कोर्टात जायला ३ वर्षं मिळत. कागद गोळा करण्यातच वर्ष घालवणाऱ्या माणसाला हा फरक मोठा आहे.

परिपत्रकाचा कच्चा मसुदा आम्ही तयार केला आहे. पुढच्या सांगली दौऱ्यात विश्रामगृहावर अर्धा तास द्यावा आणि सहायक कामगार आयुक्तांना व संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनाही बोलवावं. मसुदा आणि ज्यांची संमती आहे त्या कामगारांच्या फाईली घेऊन आम्ही येतो.

कळावे,
आपला,
कामगारांचे अर्ज लिहिणारा एक कार्यकर्ता,
कुपवाड, जि. सांगली