गोधडीच्या गोटासाठी आभार

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

आजीच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची गोधडी शिवायला आपण मला शिकवले, त्याबद्दल घरी येऊन आभार मानलेच. परंतु गोट, म्हणजे गोधडीच्या कडेची पट्टी, लावताना आपण जे दाखवले ते शिवणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

गोधडी आधी कडेला फाटते, कारण पांघरताना सगळी ओढ तिथेच बसते. तिथे नवीकोरी, भक्कम पट्टी लावावी असे कोणालाही वाटेल. आपण मात्र बाजारातली पट्टी बाजूला ठेवायला लावली. नवे सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत आटते आणि जुने लुगडे वर्षानुवर्षे धुऊन केव्हाच आटून झालेले असते, त्यामुळे दोन्ही एकत्र शिवले की धुतल्यावर कड गोळा होते. आपला हा आग्रह वरवर काटकसरीचा वाटतो. मला तर त्यात कापडाची पक्की पारख दिसली.

हिशेबही आपणच मांडलात. 5 बाय 7 फुटांच्या गोधडीचा घेर 24 फूट आणि 9 वारी लुगड्याचा एक काठ 27 फूट, म्हणजे कोपऱ्यांच्या दुमडी व शेवटचा सांधा धरूनही एकच अखंड काठ पुरतो. पायाकडचा काठ घासलेला असतो, तेव्हा कमरेकडचा घ्यावा, उजेडासमोर धरून विरलेली जागा पाहावी आणि काठ अरुंद असल्यास अंगाच्या कापडासह अडीच इंचांची पट्टी काढावी. तीही कात्रीने नव्हे, तर लहानशी चीर देऊन फाडावी, म्हणजे ती दोऱ्याला धरून सरळ निघते. सरळ कडांना उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लागत नाही, ती फक्त गोल कोपऱ्यांसाठी. हे आधी कळले तर पुष्कळ लोकांचे कापड वाचेल!

मात्र खरे शिक्षण कोपऱ्यावर झाले. कोपरा पाव इंच उरला असता टाका थांबवायचा, पट्टी वरच्या बाजूला तिरकी दुमडायची, तीच पुन्हा खाली आणून दुसऱ्या कडेला लावायची आणि मग शिवण पुढे न्यायची. आपण बोटाने ती दुमड दाबून धरलीत आणि पट्टी मागे वळवताच कोपरा पाकिटाच्या झडपेसारखा चपखल बसला. मागची तुरपाई मशीनवर न करता हाताने करवून घेतलीत, त्याचेही समाधान आहे, कारण पुढून एकही टाका दिसत नाही.

पुढची गोधडी आईच्या इरकल साडीची करणार आहे. त्या साडीचे अंग सुती आणि काठ रेशमी असल्याने तो निसटतो, म्हणून आपल्या सल्ल्याप्रमाणे गोटासाठी अंगाचेच कापड फाडेन.

शिकवल्याचे पैसे आपण घेतले नाहीत. निदान हे आभार तरी नाकारू नयेत.

आपली ऋणी,
आपल्याच आळीतील एक शिकाऊ