केबिन उचलू नका, चेसिस काढून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आजोबांचा टाटा-मर्सिडीज ट्रक परसात नव्याने उभा करू पाहणाऱ्या तरुणावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख चांगला उतरला आहे आणि त्या मुलाची चिकाटी कौतुकास्पद आहे, याबद्दल दुमत नाही. पण सोबतच्या छायाचित्राबद्दल कोणीतरी लिहायला हवे, म्हणून हे पत्र. छायाचित्रात कडुनिंबाच्या फांदीला चेन कुप्पी (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) बांधली आहे, दारांच्या मोकळ्या चौकटींतून पट्टा ओवून केबिन छताला धरून उचलली आहे, ती जागेवरून चांगली वर लोंबकळते आहे, आणि दोन मुले तिच्याखाली वाकून चेसिसवरचा, म्हणजे चाके-इंजिन पेलणाऱ्या सांगाड्यावरचा, एक नट सोडवत आहेत. खाली ओळ आहे, ‘घरगुती क्रेन’. ती वाचून आणखी दहाजण आपापल्या परसातल्या झाडाकडे पाहू लागतील, अशी मला भीती वाटते.

घरगुती साधनांना नाक मुरडणारा मी नाही. कराडजवळ पस्तीस वर्षे मी ट्रकच्या बॉडीची आणि चेसिसची कामे केली आणि माझी पहिली घोडी, म्हणजे कुप्पी टांगायची चौकट, भंगारात मिळालेल्या बोअरच्या पाइपांची होती. क्रेन बोलावणे परवडत नाही तेव्हा माणूस हाताशी असेल त्यातून काहीतरी जुळवतो, आणि नीट जुळवले तर ते निभावतेही. केबिन उतरवायची म्हणजे ती उचलून बाजूला न्यायची, असे मात्र बहुतेकांनी धरलेले असते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. केबिन जागच्या जागी गरजेपुरती वर घ्यावी, तिला भक्कम टेकू द्यावा आणि चेसिस तिच्याखालून ओढून काढावी. चेसिसला चाके आहेत, केबिनला नाहीत.

आधी छताविषयी. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) मर्सिडीजवाल्या डेमलर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपूरला हे ट्रक बांधायला घेतले आणि १९६९ साली तो करार संपल्यावर नाकावरचा तारा जाऊन तिथे ‘टी’ आला, हे जुन्या ड्रायव्हरांना तोंडपाठ असते. त्या काळी गाडी बहुधा पुरी होऊन येत नसे. इंजिन, बॉनेट आणि काऊल (बॉनेटमागची पत्र्याची आडभिंत) एवढ्यानिशी उघडी चेसिस यायची, आणि ती आणणारा ड्रायव्हर डोळ्यांना गॉगल लावून खोक्यावर बसून आलेला असायचा. केबिन बांधायचा आमच्यासारखा बॉडीबिल्डर, लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून. मोबाइलवरच्या परदेशी चित्रफितींत ज्या केबिनी दारातून पट्टा घालताच अलगद वर जातात, त्या दाबीव पत्र्याच्या आणि जोड वेल्डिंग केलेल्या असतात. आमच्या केबिनीचे छत खांबांवर स्क्रूंनी आणि लोखंडी पट्ट्यांनी बसवलेले असते. ते ऊनपाऊस झेलते, खालचा भार पेलण्यासाठी ते केलेलेच नसते. त्यातून पन्नास-साठ पावसाळ्यांत खांबांची बुडे आतून भुसभुशीत होतात. वर रंगवलेला पत्रा असल्यामुळे काही दिसत नाही, पण बुडाशी दाभण टोचून पाहिले तर ते विनासायास अर्धे आत जाते. अशी केबिन छताला धरून उचलली तर छत वर येईल आणि बाकीची केबिन चेसिसवरच राहील.

केबिन पत्र्याची असली तरी पट्ट्याचा कोन सोडत नाही. सीट, काचा आणि दारे काढल्यानंतर आम्ही उतरवलेली एक केबिन भंगारवाल्याच्या काट्यावर ३४० किलो भरली होती. दोन पदरी पट्ट्याचा प्रत्येक पदर आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर एकेका पदरावर सुमारे १९६ किलो ताण येतो; तोच कोन ३० अंशांवर आला की प्रत्येक पदराला पुरते ३४० किलो पेलावे लागतात आणि शिवाय दोन्ही बाजूंनी चौकट जवळपास २९४ किलोच्या जोराने आत दाबली जाते. वर जागा कमी पडते म्हणून लोक पट्टा आखूड करतात आणि मग दारे पुन्हा का बसत नाहीत याचे कोडे महिनाभर सोडवत बसतात. पट्ट्याच्या दोन पदरांत आडवा दांडा घातला तर हा दाब दांडा घेतो. दारांच्या चौकटींत आधी अँगलचे तिरके तुकडे बोल्टने आवळून घ्यावेत, म्हणजे चौकट वाकडी होत नाही.

आमच्या हातूनही एकदा चूक झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. तिपायी घोडी, वर दोन टनांची कुप्पी, खाली सिमेंटची जमीन. केबिनचे सगळे बोल्ट काढल्याची मी स्वतः खात्री केली होती, पण ड्रायव्हरच्या बाजूला रबरी चटईखाली डांबरात बुजलेला एक राहून गेला. कुप्पी ओढत गेलो, साखळी ताठ झाली, केबिन हलेना, आणि ‘गंजली असेल’ म्हणून मी आणखी चार हात ओढले. बोल्ट तुटला तो बंदुकीच्या बारासारखा. केबिन उसळून एका बाजूला झोकली, घोडीचा एक पाय सिमेंटवर वीतभर सरकला आणि हाताखालचा मुलगा जिथे उभा होता तिथून केबिनचा कोपरा गेला. तो सुदैवाने तेव्हा पाना आणायला वळला होता. कुप्पी दोन टनांची होती, पण पायांच्या बुडांना साखळी बांधलेली नव्हती. तेव्हापासून मी वरच्या कुप्पीपेक्षा खालच्या जमिनीकडे आधी पाहतो.

म्हणून उचलण्यापूर्वी काय काय सोडवायचे हे खडूने पत्र्यावर लिहून एकेक खोडावे. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड आधी उतरवावेत. स्टिअरिंगचा दांडा, गिअरची काठी, क्लच-ब्रेकचे सांधे, ॲक्सिलरेटरची सळई, हँडब्रेक, स्पीडोमीटरची केबल, वायरिंग, अर्थची पट्टी हे सगळे सोडवावे आणि गिअरबॉक्सवरचे पत्र्याचे झाकणही काढावे. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. ब्रेकचे सांधे सुटले म्हणजे आता ही गाडी कशानेही थांबणार नाही. चारही चाकांना दोन्हीकडून उटी, म्हणजे चाक अडवणारा ठोकळा, हवी, आणि ती विटांच्या तुकड्यांची नको.

पुढचे काम कुप्पीशिवाय होते. केबिनच्या दोन्ही तळपट्ट्यांखाली फळीचे तुकडे ठेवून स्क्रू जॅकने चार-पाच इंच फट करावी आणि तिच्यातून शंभर मिलिमीटरची, तीन मीटर लांबीची दोन सी चॅनल (सी आकाराच्या लोखंडी तुळया) आडवी सरकवावीत, एक काऊलच्या मागे आणि एक सीटच्या मागच्या भिंतीखाली. चॅनल आणि लाकूड यांच्यामध्ये फळी असावी. मग चॅनलच्या चार टोकांखाली चार स्क्रू जॅक लावून आळीपाळीने प्रत्येक टोक दोन-दोन इंच वर घ्यावे आणि प्रत्येक फेरीनंतर खाली रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे तुकडे एकाआड एक उभे-आडवे रचत जावे. हायड्रॉलिक बाटली जॅक चालतो, पण भार त्याच्यावर ठेवून जेवायला जाऊ नये. सील गळते तेव्हा ते सांगून गळत नाही. केबिनचा भार नेहमी लाकडाच्या थरांवर असावा.

किती वर घ्यायची, हे मागची चाके ठरवतात. चेसिस पुढे ओढायची असते. मागे ढकलली तर अख्खे इंजिन केबिनखालून न्यावे लागेल. पुढे ओढली की मागची चाके केबिनखालून येतात. या ट्रकचा टायर जवळपास मीटरभर उंच असतो, तेव्हा चॅनलची खालची बाजू टायरपेक्षा चार बोटे वर गेली की पुरे. मागच्या जोडचाकांतले बाहेरचे चाक आधी काढून ठेवले तर लाकडाच्या रचलेल्या थरांमधून गाडी मोकळी निघते. सपाट जमिनीवर चौघेजण ती सहज ढकलतात. पाचव्याने चाकासोबत उटी सरकवत चालावे आणि केबिनखाली कोणीही जाऊ नये. हे काम सावकाश केले तर अर्धा दिवस लागतो आणि छायाचित्र काढण्यासारखे त्यात फारसे काही नसते, हे मान्य.

तरीही कोणाला वरूनच उचलायची असेल तर त्याने आधी उंचीचा हिशेब मांडावा. तळ जमिनीपासून एक मीटर, केबिन दीड मीटर, उचल तीस सेंटिमीटर, पट्टा आणि आडवा दांडा सत्तर, कुप्पी आणि तिचे दोन हुक चाळीस; गर्डर चार मीटरवर हवा. पत्र्याच्या शेडची कैची (छप्पर पेलणारी त्रिकोणी चौकट) पत्रा आणि वारा यांच्या हिशेबाने केलेली असते, मधोमध एका जागी लटकणाऱ्या भाराच्या नव्हे. तिपायीचा एक पाय नेमका चेसिसच्या वाटेत येतो. दोन बाजूंना ए-आकाराचे पाय आणि वर गर्डर अशी चौकट केली तर पाय बुडाशी अँगलने जोडावेत आणि गर्डरपासून पायांपर्यंत तिरके आधार द्यावेत, कारण कुप्पीची साखळी ओढणारा माणूस नेहमी थोडा बाजूलाच ओढतो. अशा चौकटीला चाके लावून भारासकट ढकलण्याचा मोह टाळावा. फांदीबद्दल मी काही लिहीत नाही. ती आतून पोखरलेली आहे की नाही, हे ती मोडल्यावरच कळते.

आपणास विनंती एवढीच की, त्या लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात ते छायाचित्र पुन्हा वापरू नये आणि शक्य झाल्यास केबिन खालून टेकू देऊन ठेवल्याचे छायाचित्र द्यावे. माझ्याकडे तीन मीटरची दोन चॅनल, चार स्क्रू जॅक आणि स्लीपरचे वीस-बावीस तुकडे शेडमध्ये पडून आहेत. त्या तरुणाचा निरोप आपल्या कार्यालयामार्फत आला तर त्याने ते खुशाल घेऊन जावेत. काम झाल्यावर स्लीपर परत आणून दिले नाहीत तरी चालेल, जॅक मात्र हवेत.

आपला,
एक निवृत्त बॉडीबिल्डर, कराड