आमच्या जॉइंट स्पॉन्सर काकांना खुले आभारपत्र

आदरणीय काका आणि काकू यांस,
सादर नमस्कार.

नाव कुठेही येता कामा नये, या अटीवरच आपण मला हे पत्र उघडपणे लिहू दिलेत, म्हणून यात आपण केवळ काका आहात. न्यू जर्सीतील मराठी मंडळींपैकी कोणाला ओळख पटलीच, तर त्यांनी ती आपल्यापुरती ठेवावी, एवढी विनंती आधीच करून ठेवते. आभाराचा विषय निघाला की ‘सही तर केली, त्यात काय एवढे’ असे म्हणून आपण चहा मागवता. माझ्या अमेरिकेच्या व्हिसासाठी आर्थिक हमी म्हणून आपण केलेल्या त्या सहीत काय एवढे होते, ते मला नीट मांडायचे आहे.

२०२४ साली आमची आय-१३० याचिका (पत्नीला आणण्यासाठी पतीने अमेरिकी सरकारकडे केलेला अर्ज) मंजूर होऊन प्रकरण व्हिसाची कागदपत्रे गोळा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेले आणि आय-८६४ या आर्थिक हमीच्या फॉर्मची पाळी आली. माझे पती अमेरिकेचे नागरिक असले तरी त्या वेळी ते डॉक्टरेट करीत होते, आणि अध्यापन साहाय्यक म्हणून मिळणाऱ्या विद्यावेतनावर त्यांचा महिना कसाबसा भागत होता. पत्नीला आणू पाहणाऱ्याचे उत्पन्न अमेरिकी सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के असावे लागते. (सैन्यात सक्रिय सेवेत असणाऱ्यांना १०० टक्के पुरतात.) दोन माणसांच्या घरासाठी ती रेषा त्या वर्षी २०,४४० डॉलर होती, म्हणजे आम्हाला २५,५५० डॉलर दाखवणे भाग होते. तेवढे नव्हते. याचिका करणाऱ्याचे उत्पन्न कमी पडले तरी त्याला स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो, आणि त्याच्या जोडीला पुरेसे उत्पन्न असलेल्या दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्र आय-८६४ भरून जॉइंट स्पॉन्सर म्हणून उभे राहावे लागते.

असे कोण उभे राहणार, हाच प्रश्न होता. माझे सासरे अमेरिकेचे नागरिक आहेत, पण निवृत्तीनंतर ते पुण्यात कायमचे राहायला आले आहेत, आणि स्पॉन्सरचे वास्तव्य अमेरिकेत असावे लागते. तेव्हा मुलाच्याच कामाला बापाची सही चालेना. माझ्या वडिलांना तर हा सगळा प्रकार अपमानास्पद वाटला. तासगावला आमची द्राक्षबाग आहे. वडिलांनी सातबाराचे उतारे, बँकेच्या मुदत ठेवींच्या पावत्या आणि नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र अशी फाईल तयार केली आणि ‘माझ्या मुलीला मी पोसू शकत नाही असे कोणाचे म्हणणे आहे?’ असा सवाल घरातल्या प्रत्येकाला केला. भारतातल्या एका सल्लागाराने ही फाईल जोडा, काम होईल, असे सांगून फीही घेतली होती.

वडिलांना खरी गोष्ट आपण सांगितलीत, आणि तीही त्यांना कमीपणा न येऊ देता. आधी आपण बागेची चौकशी केलीत, या वर्षी बेदाण्याला काय भाव मिळाला ते विचारलेत, आणि मग म्हणालात, की मालमत्ता या फॉर्मवर चालते, पण ती स्पॉन्सरची, त्याच्या घरातल्या माणसाची किंवा व्हिसा मागणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या नावावरची असावी लागते. ती वर्षभरात रोख करता यावी लागते. आणि नागरिकाच्या पत्नीच्या बाबतीत उत्पन्नात जेवढी तूट असेल तिच्या तिप्पट किंमत दाखवावी लागते. वडिलांची जमीन पहिल्याच अटीला बाद होत होती. ‘दादा, तुमची ऐपत कोणी मोजतच नाहीये. त्यांना कोर्टात उभा करता येईल असा तिथला माणूस हवा आहे,’ हे आपले वाक्य वडिलांना लगेच पटले, कारण सोसायटीच्या कर्जाला जामीन राहणे म्हणजे काय हे त्यांना पुरते माहीत आहे. त्या दिवशी फाईल कपाटात गेली.

आता त्या व्हिडिओ कॉलविषयी. ओळखीतले आणखी एक गृहस्थ सही करायला तयार होते आणि त्यांच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. परंतु ‘फॉर्म भरून पाठवा, मी सही करून देतो’ यापलीकडे त्यांना काही जाणून घ्यायचे नव्हते. आपण मात्र तासगाव, पुणे आणि न्यू जर्सीतले एडिसन अशा तिन्ही घरांना एका रविवारी कॉलवर बसवलेत, हातात पेन्सिल घेतलीत, आणि फॉर्ममधला कराराचा भाग एकेक वाक्य इंग्रजीत वाचून मराठीत समजावून सांगितलात. हा १९९६ च्या कायद्याने आणलेला बंधनकारक करार आहे. त्याच्या आधीच्या काळात आपल्या थोरल्या भावाने आपल्यासाठी जे हमीपत्र दिले होते, त्याला न्यायालयात फारशी किंमत नव्हती. हे तसे नाही, असे आपण सुरुवातीलाच सांगितलेत. मी उद्या फूड स्टॅम्प किंवा मेडिकेड यांसारखी उत्पन्न पाहून दिली जाणारी सरकारी मदत घेतली, तर ती देणारे खाते तेवढी रक्कम माझ्या पतीकडे किंवा थेट आपल्याकडे मागू शकते, हेही सांगितलेत.

त्यानंतर आपण घटस्फोटाच्या कलमाशी आलात. आमच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. माझी आई कॅमेऱ्यासमोरून उठून गेली आणि वडील ‘ते राहू द्या आता’ म्हणाले. आपण राहू दिले नाहीत. आपल्या आवाजात जराही फरक न पडता आपण वाचलेत, की हे दोघे वेगळे झाले तरी माझी, म्हणजे स्पॉन्सरची, जबाबदारी संपत नाही. ती संपते ती मुलगी नागरिक झाली की, किंवा तिच्या नावावर ४० तिमाह्यांचे, म्हणजे साधारण दहा वर्षांचे, काम जमा झाले की, किंवा ती ग्रीन कार्ड सोडून देश कायमची सोडून गेली की, नाहीतर तिचा किंवा माझा मृत्यू झाला की. आणि मग थेट माझ्याकडे पाहून म्हणालात, ‘बाळ, हा करार जसा सरकारशी आहे तसा तुझ्या बाजूनेही आहे. तुझी आबाळ झाली, तर तुझ्या नवऱ्यावर किंवा माझ्यावर दावा लावायचा हक्क तुला आहे. तो तुला माहीत नसताना मी सही करणार नाही.’

काका, माझ्या लग्नाच्या बोलणीत पुष्कळ मोठी माणसे बोलली होती. मुलगा चांगला, घराणे चांगले, देश चांगला, सगळे सांगून झाले होते. परक्या देशात माझ्यावर वाईट वेळ आली तर मी कोणाकडे काय मागू शकते, हे मला उद्देशून सांगणारे आपण पहिले. आई नंतर कॉलवर परत आली आणि तिने आपल्याला ते कलम पुन्हा वाचायला सांगितले, हे मी मुद्दाम नमूद करते.

कागदपत्रांचे काम त्या मानाने सरळ होते, आणि ते सरळ झाले याचे श्रेय काकूंना आहे. स्पॉन्सरच्या घरातली माणसे मोजताना अमेरिकेत येणारी व्यक्तीही धरतात. आपण, काकू, करपत्रकावर आपल्यावर अवलंबून दाखवलेल्या आजी आणि चौथी मी. चौघांसाठी त्या वर्षीचा १२५ टक्क्यांचा आकडा ३९,००० डॉलर होता आणि तो आपल्या एकट्याच्या पगारात बसत होता, त्यामुळे काकूंना आय-८६४ए वर (घरातल्या दुसऱ्या माणसाचे उत्पन्न धरायचे असल्यास त्याने करायच्या करारावर) सही करून स्वतःला बांधून घेण्याची गरज पडली नाही. पण आपण दोघे कर एकत्र भरता. आयआरएसच्या, म्हणजे तिथल्या कर खात्याच्या, ट्रान्सक्रिप्टवर (भरलेल्या कराच्या उताऱ्यावर) दोघांची मिळकत एका आकड्यात दिसते, आणि त्यातली आपली किती हे दाखवायला डब्ल्यू-२, म्हणजे नोकरी देणाऱ्याकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा दाखला, जोडावाच लागतो, हे काकूंनी सूचनांच्या पानांतून शोधून काढले. त्यांनी ट्रान्सक्रिप्ट, डब्ल्यू-२, नोकरीचे पत्र आणि पासपोर्टच्या पानाची प्रत एका क्रमाने लावून दिली. नोटरीची गरज नाही, सहीनिशी दिलेली माहिती खोटी ठरली तर शपथभंगाचा गुन्हा लागतो तेवढे पुरे, हे त्यांनी वडिलांना दोनदा सांगितले. वडिलांना शिक्का नसलेला कागद अजूनही अपुरा वाटतो. आपल्याकडे माणूस स्वतःचा पगार सख्ख्या भावालाही नीट सांगत नाही. आपण दोघांनी आपल्या कराची ही सगळी कागदपत्रे, सोशल सिक्युरिटी क्रमांकासह (तिथला सरकारी ओळख क्रमांक), ज्या मुलीला प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते तिच्या कामासाठी दिलेत.

मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखतीच्या वेळी अधिकारी बाईंनी आपला फॉर्म उघडून विचारले, की हे तुमचे कोण लागतात. नात्याने कोणी नाहीत, सासऱ्यांचे स्नेही आहेत, असे मी सांगितले. जॉइंट स्पॉन्सर नातेवाईक असावाच लागतो असा नियम नाही, हे आपल्यामुळे ठाऊक होते. मग त्यांनी विचारले, की आपण कशावर सही केली आहे हे त्यांना माहीत आहे का? मला त्या क्षणी हसू आले, आणि मी त्या रविवारच्या कॉलची हकीकत थोडक्यात सांगितली. त्यांनी पुढचा प्रश्न आमच्या लग्नाविषयी विचारला. आपल्याविषयी आणखी काही विचारले नाही.

इथे आल्यावर पहिल्याच भेटीत आपण मला सही केलेल्या फॉर्मची पूर्ण प्रत दिलीत आणि ‘ही नवऱ्याच्या फाईलमध्ये ठेवायची नाही, तुझ्या स्वतःच्या ठेवायची’ असे त्याच्यादेखत बजावलेत. तो बिचारा हसला. ती प्रत माझ्याच फाईलमध्ये आहे. जोडीदाराच्या व्हिसाची कागदपत्रे करणाऱ्या आणि हे पत्र वाचणाऱ्या मुलींनी आपल्या फॉर्मची प्रत अशीच मागून घ्यावी. पुष्कळ जणींना असा कागद आपल्या नावाने आहे याची कल्पनाही नसते.

आता थोडा हिशेब, कारण आपल्याला तो आवडेल. मला नोकरी लागली आहे. २०२५ साली १,८१० डॉलरच्या कमाईला एक तिमाही जमा धरत होते आणि वर्षात जास्तीत जास्त चारच मिळतात, त्यामुळे माझ्या एकटीच्या कामाने ४० व्हायला दहा वर्षे लागतील. लग्न टिकून असताना पतीने मिळवलेल्या तिमाह्याही माझ्या बाजूला धरता येतात, म्हणून प्रत्यक्षात कमी लागतील. त्याहून जवळचा रस्ता नागरिकत्वाचा. नागरिकाची पत्नी म्हणून ग्रीन कार्डाला तीन वर्षे झाली की मला अर्ज करता येतो, आणि शपथ झाली की आपण त्या करारातून मोकळे व्हाल. त्याआधी, लग्नाला दोन वर्षे होण्यापूर्वी आल्यामुळे मिळालेल्या सशर्त कार्डावरची अट आय-७५१ भरून काढून घ्यायची आहे. ती तारीख मी लिहून ठेवली आहे.

आणखी एक. आपण घर विकून मुलाकडे नॉर्थ कॅरोलिनाला जात आहात असे काकूंकडून कळले. करार लागू असेपर्यंत स्पॉन्सरने पत्ता बदलल्यावर ३० दिवसांच्या आत आय-८६५ भरून इमिग्रेशन खात्याला कळवावे लागते, नाहीतर २५० डॉलरपासून पुढे दंड आहे. त्या रविवारी आपणच हे कलम वाचले होते, पण सामानाच्या गडबडीत राहून जाईल. फॉर्म मी छापून, माझी माहिती भरून, पाकिटावर पत्ता घालून ठेवला आहे. नवा पत्ता तेवढा कळवा आणि शनिवारी आम्ही खोकी बांधायला येऊ तेव्हा सही करा. या वेळी वाचून मी दाखवीन.

आपली,
आपल्या घरात चौथी मोजलेली